उंबरठ्याबाहेरचा कचरा

मुंबई महानगरपालिकेने २०२५ च्या एप्रिल महिन्यात घनकचऱ्याविषयीच्या नव्या उपविधींचा मसुदा नागरिकांच्या सूचना व हरकतींसाठी प्रसिद्ध केला. त्यात घरोघरीच्या कचऱ्यावर मासिक शुल्क आकारण्याची तरतूद होती. पन्नास चौरस मीटरपर्यंतच्या घरास दरमहा १०० रुपये, त्याहून मोठ्या व तीनशे चौरस मीटरपर्यंतच्या घरास ५०० रुपये आणि त्यापुढे १००० रुपये असे ते दर होते. उपनगरांतील मध्यमवर्गीय वस्तीत यावर जी प्रतिक्रिया उमटली ती अपेक्षितच होती. मालमत्ता कर भरावयाचा, पाणीपट्टी भरावयाची आणि आता केराचेही पैसे द्यावयाचे काय, असा प्रश्न विचारला गेला. महागाईने गांजलेल्या गृहस्थाला तो पडावा यात नवल नाही. नवल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. या साऱ्या चर्चेत पैशाविषयी पुष्कळ बोलले गेले. कचऱ्याविषयी जवळजवळ काहीच नाही. तो किती निघतो, कोठे जातो, तेथे त्याचे काय होते आणि ज्यांच्या दारात तो जाऊन पडतो त्यांचे काय, हे प्रश्न शुल्काच्या वादात कोणास सुचले नाहीत.

कचरा हा पालिकेचा विषय आहे, ही समजूत उपनगरी माणसाच्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की तिला समजूत म्हणण्याचेही कोणास भान राहत नाही. वस्तुतः १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने ही जबाबदारी प्रथमपासून दोघांत वाटून दिली आहे. केर गोळा करून नेमलेल्या जागी आणून ठेवणे हे घरमालकाचे व भोगवटादाराचे काम आणि तेथून तो उचलून नेणे हे पालिकेचे. पहिल्या अर्ध्या भागाचा विसर पडला आणि दुसरा अर्धा तेवढा हक्क म्हणून शिल्लक राहिला. केंद्र सरकारने २००० साली व पुन्हा २०१६ साली केलेल्या नियमांनी घरच्या माणसाचे काम अधिक स्पष्ट केले. ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग उगमस्थानीच, म्हणजे स्वयंपाकघरातच, वेगळे करावेत असे २०१६ च्या नियमांनी ठरविले. त्याला आता अनेक वर्षे लोटली. उपनगरातील कोणत्याही मध्यम प्रतीच्या इमारतीत सकाळी आठ वाजता जिन्यात ठेवलेल्या बादल्या पाहिल्या तर या नियमांचे काय झाले ते कळण्यास तज्ज्ञ समितीची गरज पडणार नाही.

हा प्रश्न अज्ञानाचा आहे असे समजून पालिका वर्षानुवर्षे भिंती रंगवीत व पत्रके वाटीत आली आहे. पण ज्या वस्तीत शिक्षक, कारकून, बँकेतील नोकरदार आणि महाविद्यालयीन विद्यार्थी राहतात, तेथे भाजीचे देठ आणि दुधाची पिशवी यांतला फरक कोणास समजावून सांगावयाचा? या घरांतील स्वच्छतेला तर नाव ठेवण्यास जागाच नसते. ओटा धुतलेला, लादी दोन वेळा पुसलेली, देवघर लखलखीत. मात्र या स्वच्छतेची हद्द उंबरठ्याशी संपते. उंबरठ्याच्या आत जे आहे ते आपले. बाहेर जे आहे ते कोणाचेच नाही, आणि जे कोणाचेच नाही त्यात काहीही टाकावयास हरकत नाही. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून पुलावरून खाडीत सोडणारा गृहस्थ अश्रद्ध नसतो, की बेपर्वाही नसतो. त्याच्या मनात पावित्र्याची एक कल्पना पक्की आहे. फक्त त्या कल्पनेत खाडीला जागा नाही.

या वृत्तीच्या मुळाशी जातीचा वारसा आहे, हे मान्य करण्याचे मोठ्या खुबीने टाळले जाते. केर काढणे निराळे आणि केराला हात लावणे निराळे. पहिले घरच्या माणसाचे काम, दुसरे ‘त्यांचे’. ओला व सुका कचरा वेगळा करा म्हणजे केराकडे एकवार पाहा, त्याला हात लावा, असे सांगणे आहे, आणि नकार नेमका तेथे येतो. गाडगेमहाराजांचा खराटा महाराष्ट्राने पुतळ्याच्या हातात दिला, त्यांच्या नावाने सरकारने २००० साली ग्रामस्वच्छता अभियानही सुरू केले आणि अनेक खेड्यांनी त्यात खरोखर पराक्रम केला. शहरी उपनगरांना मात्र तो खराटा फार मानवला नाही. एखाद्या रविवारी हातमोजे चढवून, छायाचित्रकाराला बोलावून तासभर रस्ता झाडणे एवढ्यापुरताच तो बाहेर निघतो.

तथापि जुन्या मध्यमवर्गाविषयी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. चाळीतील मराठी घरातून कचरा निघत असे तो फारच थोडा. त्याचे कारण पर्यावरणाची जाणीव हे नव्हते. कारण होते काटकसर. वर्तमानपत्राची रद्दी मापाला लावली जाई. डबा-बाटलीवाल्याची हाक आली की रिकामे डबे बाहेर निघत. जुनेरे बोहारणीकडे जाऊन त्यांच्या मोबदल्यात स्टीलचे पातेले येई, आणि त्या सौद्यात गृहिणी जी घासाघीस करीत ती अर्थशास्त्राच्या कोणत्याही वर्गात दाखवावी अशी होती. दूध बाटलीतून येई व बाटली परत जाई. किराणा कागदाच्या पुडीतून येई, आणि पुडीचा दोराही गुंडाळून ठेवला जाई. थोडक्यात, टाकाऊ वस्तूला किंमत होती आणि ती किंमत घरच्या माणसाला ठाऊक होती. पुढे उत्पन्न वाढले, वेळ कमी झाला, वस्तू बांधलेल्या वेष्टनातून येऊ लागल्या. चार आण्यांचा माल आणि आठ आण्यांचे वेष्टन अशी अवस्था आली. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. त्या जूनमध्ये तिची अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा कापडी पिशव्या कपाटातून बाहेर आल्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा कपाटात गेल्या. काटकसरीची सवय मोडली होती आणि तिच्या जागी नागरिकत्वाची सवय आलीच नव्हती.

या प्रश्नाचा हिशेब पैशात मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. मुलुंडच्या कचराभूमीवर साठलेला सुमारे ७० लाख टन कचरा उपसून जागा मोकळी करण्याचे कंत्राट पालिकेने २०१८ मध्ये दिले ते ७३१ कोटी रुपयांचे. म्हणजे टनामागे हजार रुपयांहून थोडे अधिक. देवनारच्या डोंगराचा अंदाज १८५ लाख टनांचा व काम २,३६८ कोटींचे. तेथे टनामागे सुमारे १,२८० रुपये पडतात. आता चार माणसांच्या कुटुंबातून माणशी अर्धा किलो या मानाने दिवसाला दोन किलो केर निघतो असे धरले, तर वर्षाकाठी तो पाऊण टनाच्या आसपास जातो. एका कुटुंबाच्या एका वर्षाच्या केराचा ढीग पुढेमागे केवळ हलविण्याचा खर्च साडेसातशे ते साडेनऊशे रुपये असा निघतो. ढिगात पडलेला कचरा कुजून व जळून घटतो, म्हणून हा हिशेब थोडा सैल धरावा. पण यात रोजची गाडी, गाडीवरचे कामगार, जमिनीची किंमत आणि धुराने बिघडलेल्या छात्यांचा औषधोपचार यांतले काहीच धरलेले नाही. मालमत्ता करात सगळे आलेच आहे, असे म्हणणाऱ्याने एवढा हिशेब एकदा करून पाहावा. कराच्या पावतीवर न दिसणारा हा खर्च आजवर कोणी भरला नाही असे नाही. तो भरणारे निराळे होते, एवढेच.

ते कोण, हे सर्वांना माहीत आहे. ब्रिटिश अमदानीपासून मुंबईचा केर देवनारला जात आला. १३२ हेक्टरांच्या त्या कचराभूमीच्या कडेला गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्या आहेत. ज्या एम पूर्व विभागात त्या येतात, तो २००९ च्या मुंबई मानवविकास अहवालात मानवविकासाच्या निर्देशांकावर शहरातील सर्व विभागांच्या तळाशी होता. २०१६ च्या जानेवारीअखेर देवनारला जी प्रचंड आग लागली, तिचा धूर कित्येक दिवस हटला नाही. आसपासच्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो धूर चेंबूरच्या पलीकडे, बऱ्या वस्त्यांतील खिडक्यांपर्यंत पोहोचला, तेव्हा कोठे देवनार हा शहराचा प्रश्न झाला. तोपर्यंत तो गोवंडीचा होता.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट होत नाही म्हणून शहरातील नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध घातले. त्याआधी, २०१५ मध्ये, कल्याण-डोंबिवलीतही न्यायालयाने तसेच पाऊल उचलले होते. मुंबईच्या निर्बंधांतून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सशर्त सूट दिली. या आदेशांमागील तर्क साधा व अचूक होता. ज्या शहराला आहे त्या घरांचा केर सांभाळता येत नाही, त्याने नवी घरे कोणत्या हिशेबाने बांधावीत? बांधकाम व्यावसायिक हवालदिल झाले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. सदनिका घेण्यासाठी पैसे साठविणाऱ्या नोकरदारालाही आपल्या घराचा आणि कचऱ्याच्या ढिगाचा काही संबंध आहे हे तेव्हा प्रथम जाणवले असावे. निर्बंध उठले आणि जाणीवही ओसरली.

मुलुंडची गोष्ट या संदर्भात फार बोलकी आहे. तेथील कचराभूमी १९६७ पासूनची. पूर्व द्रुतगती मार्गालगत, ठाण्याच्या वेशीवर, चोवीस हेक्टरांत ती पसरली होती, आणि वारा फिरला की मुलुंड पूर्वेच्या खिडक्या बंद होत. ती बंद व्हावी म्हणून रहिवाशांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, मोर्चे काढले. त्यांची मागणी सर्वथा न्याय्य होती आणि २०१८ मध्ये ती मान्यही झाली. पण कचराभूमी बंद झाली म्हणजे मुलुंडचा केर निघावयाचा थांबला नाही. तो आता दोन-तीन स्थानके अलीकडे कांजूरमार्गला जाऊ लागला, आणि विक्रोळीच्या कन्नमवारनगर-टागोरनगरातील रहिवासी तीच तक्रार, त्याच शब्दांत, करू लागले. दुर्गंधी टळावी म्हणून झगडणाऱ्या मुलुंडकरांनी त्याच उत्साहाने आपल्या इमारतींतून ओला कचरा बाहेर पडू न देण्याची प्रतिज्ञा केली असती तर त्या आंदोलनाला निराळे नैतिक वजन आले असते. तसे घडले नाही. मुलुंडकरांना दोष द्यावा असेही नाही. दुसरे कोणतेही उपनगर याहून निराळे वागले नसते. ‘येथे नको’ यापुढे जाऊन ‘मग कोठे’ असे विचारण्याची प्रथाच नाही.

आता नागरिकांची बाजू. ती हलकी नाही. घरात दोन बादल्या ठेवून, मुलांना शिकवून, मोलकरणीला समजावून कचरा वेगळा केला आणि खाली उभ्या असलेल्या गाडीत दोन्ही बादल्या एकाच पोटात रित्या झाल्या, हा अनुभव असंख्य कुटुंबांनी घेतला आहे. जो एकदा हे पाहतो तो दुसऱ्या दिवसापासून एकच बादली ठेवतो, आणि त्याच्या या वागण्याला तर्कशुद्धच म्हणावे लागेल. वेगळे करण्याचे श्रम त्याने करावयाचे आणि फळ कोणासच मिळू नये, असा हा व्यवहार आहे. पालिका म्हणते, लोक वेगळा करून देत नाहीत म्हणून गाड्या वेगळ्या ठेवणे परवडत नाही. लोक म्हणतात, गाडी एकच आहे म्हणून वेगळा करीत नाही. ही कोंडी कोणी प्रथम फोडावी? ज्याच्याजवळ कायदा, पैसा व यंत्रणा आहे त्याने, असेच कोणीही निःपक्षपाती माणूस म्हणेल. पालिकेने उपनगरातील एखाद्या प्रभागात वर्षभर एकही दिवस न चुकता दोन वेगळ्या गाड्या पाठवून दाखवाव्यात. शंभर पत्रकांनी जे होणार नाही ते तेवढ्याने होईल.

लोकांना हे जमतच नाही, असे मात्र नव्हे. घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात पालिकेशी हातमिळवणी करून आपल्या गल्लीचा कचरा गल्लीतच जिरविण्याचा प्रयोग केला. त्यातून ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ ही योजना शहरभर पसरली. अनेक उपनगरांत शेकडो गट उभे राहिले. त्यांत पुढाकार होता गृहिणींचा आणि सेवानिवृत्तांचा, म्हणजे ज्यांना वेळ होता आणि ज्यांचा शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलण्याचा सराव सुटला नव्हता त्यांचा. पुढे पुष्कळ गट विझले. काही ठिकाणी म्हातारी माणसे थकली व त्यांची जागा कोणी घेतली नाही. काही ठिकाणी कचऱ्याऐवजी फेरीवाले हटविणे हाच गटाचा मुख्य उद्योग झाला. स्वयंसेवेवर उभी राहिलेली व्यवस्था स्वयंसेवकाच्या आयुष्याएवढीच टिकते.

२०१७ च्या ऑक्टोबरपासून पालिकेने स्वयंसेवेऐवजी सक्तीचा मार्ग धरला. वीस हजार चौरस मीटरांहून मोठ्या किंवा दिवसाला शंभर किलोंहून अधिक कचरा काढणाऱ्या संकुलांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आपल्याच आवारात लावावी, असे फर्मान निघाले. गृहनिर्माण संस्थांच्या सभांत जी खडाजंगी झाली ती या समाजाच्या अभ्यासकाने नोंदून ठेवावी अशी होती. खड्डा कोठे खणावयाचा? तळमजल्यावरच्यांच्या खिडकीखाली नको, बागेत नको, मुलांच्या खेळण्याच्या जागेत नको. उरली वाहने उभी करण्याची जागा, आणि तेथील एक चौकोन सोडावयास कोणी तयार नव्हते. मोटारीला दहा-बारा चौरस मीटर जागा निमूटपणे देणाऱ्या सभासदांना खतासाठी तीन चौरस मीटर जड वाटले. बऱ्याच संस्थांनी अखेर एक यंत्र घेतले, त्याचे उद्घाटन केले, आणि वीजबिल आल्यावर त्यावर झाकण घातले. तरीही ज्या संस्थांनी नेटाने काम केले त्यांच्या आवारातील झाडे पाहावीत. तेथे दुर्गंधी नाही, उंदीर नाहीत, आणि माळ्याला खत विकत आणावे लागत नाही.

या सगळ्यात ज्याचे नाव कोणी घेत नाही तो म्हणजे गाडीवरचा माणूस. काचेचा तुकडा, दाढीचे पाते, औषधाची सुई, लहान मुलांची व आजाऱ्यांची लंगोटे, सारे एकाच पिशवीत बांधून देणाऱ्या सुशिक्षित घरातून ती पिशवी उघड्या हाताने उचलणाऱ्याचा विचार झालेला नसतो. मुंबईतील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम नोकरीचा हक्क मिळण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. निकाल लागला तो २०१७ मध्ये, दीर्घ लढ्यानंतर. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या स्त्रियांनी १९९३ मध्ये पंचायत स्थापन केली आणि २००८ पासून त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद दारोदार जाऊन कचरा घेतात व घरटी शुल्क स्वतः घेतात. वापरलेली सॅनिटरी नॅपकिने कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका द्या, एवढी साधी मागणी त्यांनी पुणेकरांपुढे ठेवली होती. ती ठेवावी लागली यातच सर्व आले. पण पुण्याच्या पद्धतीत एक मोठा गुण आहे. कचरा घेणारी बाई आणि देणारे घर समोरासमोर येतात. मिसळलेली बादली दिली तर ती बोलते.

मुंबईच्या मसुद्यातील शुल्काची परीक्षा याच निकषावर झाली पाहिजे. ते भारी आहे म्हणून आक्षेपार्ह ठरत नाही. वर केलेला हिशेब पाहता पन्नास चौरस मीटरांच्या घराला वर्षाचे १,२०० रुपये अवास्तव नाहीत. आक्षेप असा की ते घराच्या क्षेत्रफळावर बसविले आहे, केरावर नव्हे. गच्चीवर खत करणारे निवृत्त दांपत्य आणि त्याच मजल्यावर रोज तीन पिशव्या एकत्र बांधून देणारे शेजारी, दोघांनाही तेवढेच शुल्क. अशा शुल्काने तिजोरीत भर पडेल, सवय मात्र बदलणार नाही. किंबहुना ती बिघडण्याचाच धोका अधिक. आज मिसळलेला कचरा देणाऱ्याच्या मनात थोडीशी चोरटी जाणीव तरी असते. उद्या पावती हातात आल्यावर तीही राहणार नाही. पैसे मोजले, आता कसाही देऊ, असे तो म्हणेल, आणि व्यवहाराच्या दृष्टीने त्याचे म्हणणे खोडता येणार नाही. वेगळा करून देणाऱ्या इमारतीला शुल्क माफ आणि मिसळून देणाऱ्या इमारतीला दुप्पट, अशी रचना करण्यास फार मोठे शास्त्र लागत नाही. इमारत हा घटक धरला म्हणजे प्रत्येक बादलीवर पहारा ठेवण्याचीही गरज उरत नाही. ते काम सभासद एकमेकांत करतात, आणि वाहनतळाच्या व गळतीच्या भांडणांत त्यांनी त्याचा भरपूर सराव केलेला असतो. झोपडवस्त्यांत, जेथे गाडी गल्लीत शिरतच नाही, तेथे मात्र आधी सेवा पोहोचली पाहिजे आणि मग शुल्काची भाषा व्हावी.

दरम्यान जागेचा प्रश्न थांबलेला नाही. शहराच्या रोजच्या साडेसहा-सात हजार टनांपैकी बहुतेक भार ज्या कांजूरमार्गवर आहे, ती जमीन मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने संरक्षित वन ठरविली. पुढे ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. पालिका अनेक वर्षांपासून शहराबाहेर पर्यायी जागा शोधते आहे, आणि तिच्या यादीत अंबरनाथ तालुक्यातील करवले या गावाचे नाव आहे. तेथील ग्रामस्थांचा या प्रकल्पाला विरोध आहे. घाटकोपर-मुलुंडच्या ओट्यावरची भाजीची देठे आपल्या शिवारात का यावीत, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि शुल्काविरुद्ध हरकती नोंदविणाऱ्या कोणत्याही इमारतीने त्याचे उत्तर अजून दिलेले नाही.